पारा नंतर, आधी वारा बघा: सोलापूरच्या माळावर वणव्यापासून वस्ती, कडबा आणि माणसं कशी वाचवायची

मार्च उजाडला की सोलापुरात सगळे पाऱ्याविषयी बोलायला लागतात. आज एकोणचाळीस, उद्या एक्केचाळीस. पण ऊन इथं रोजचंच आहे. एप्रिल-मेमध्ये चाळीशीच्या आसपासचा पारा आणि दुपारी वीस-पंचवीस टक्क्यांच्याही खाली उतरलेली आर्द्रता हे आपलं नेहमीचं हवामान. म्हणजे आग लागायला जे लागतं ते रोजच तयार असतं. बांधावरची ठिणगी जागच्या जागी विझणार की चार शेतं ओलांडून शेजाऱ्याच्या गंजीत शिरणार, हे त्या दिवसाचा वारा ठरवतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी बांधावरचं गवत पेटवलं. पान हलत नव्हतं, म्हणून निर्धास्त होतो. नऊपर्यंत काम उरकलं, दोन घागरी पाणी मारलं आणि घरी येऊन जेवलो. दुपारी दोनला वारा सुटला. बांधाला पडलेला वाळका शेणाचा पो आतून धुमसत होता, तो कुणी पाहिलाच नव्हता. शेजाऱ्याची कडब्याची अर्धी गंज गेली. माझ्या गंजीतल्या पेंढ्या मोजून त्याला दिल्या, पण त्या वर्षी आमची जनावरं जूनपर्यंत उसाच्या वाड्यावरच, म्हणजे हिरव्या शेंड्यांवरच, काढावी लागली.

आधी आपला माळ समजून घ्या

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. त्यामुळे माळावरचं गवत उशिरा वाढतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि संक्रांतीपर्यंत कडकडीत वाळतं. गंमत अशी की दुष्काळी सालात वणव्याची भीती कमी असते, कारण जाळायला काही उरलेलंच नसतं, सगळं जनावरांनी ओरबाडलेलं असतं. चांगल्या पावसाच्या पुढचा उन्हाळा जास्त घातकी. गुडघ्याएवढं कुसळी गवत उभं असतं आणि सगळ्यांना वाटतं, यंदा साल बरं गेलंय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गवत म्हणजे लाकूड नव्हे. ओंडका वाळायला आठवडे लागतात. गवताची काडी मात्र हवेतल्या कोरडेपणाशी तासाभरात जुळवून घेते. काल संध्याकाळी वळीव शिंतडून गेला म्हणून आज दुपारी धोका नाही, असं समजू नका. दहा वाजेपर्यंत ऊन लागलं की ते गवत पुन्हा पेटायला तयार असतं.

आग लावतं कोण? बहुतेक वेळा माणूसच. बांध पेटवणं, उसाचं पाचट पेटवणं, ज्वारीची धसकटं जाळणं, मध काढायला केलेला धूर, गाडीतून फेकलेली बिडी, रस्त्याकडेला तीन दगडांवर मांडलेली चूल. होळीही याच दिवसांत येते आणि चैत्री वारीही. लग्नसराईत वरातीच्या फटाक्यांतला एखादा बाण गोठ्याच्या छपरावर उतरतो. उरलेला वाटा तारांचा, त्याबद्दल पुढे.

जानेवारी-फेब्रुवारीची कामं

वन विभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो. आपली तयारी त्याआधी व्हायला हवी. एप्रिलमध्ये जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायला गेलात तर गवत कापायच्या यंत्राचं पातं दगडावर आपटूनच ठिणगी पडेल.

वस्तीपासून सुरुवात करा. घर, गोठा आणि गंज या तिन्हींभोवती गवत नसलेला मातीचा पट्टा हवा. गुडघाभर गवताच्या माळाला लागून वस्ती असेल तर माझ्या मते दहा मीटरपेक्षा कमी पट्टा नको. जागाच नसेल तर निदान ट्रॅक्टर फिरेल एवढा, तीन-चार मीटरचा तरी काढा. दोनदा कुळव मारला किंवा रोटाव्हेटर फिरवला की भागतं. नुसतं गवत कापून तिथंच टाकू नका, ते गोळा करून वैरणीला न्या. कापून पडलेलं गवत उभ्या गवतापेक्षा हळू जळेल, पण जळेल.

पट्टा चारही बाजूंनी सारखा असायला हवा असं नाही. उन्हाळी दुपारी आपल्याकडे वाऱ्याचा जोर बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून असतो आणि मेकडे तो वाढत जातो. म्हणून त्या अंगाचा पट्टा सगळ्यांत रुंद ठेवा. तुमच्या वस्तीवर टेकाडामुळे किंवा ओढ्यामुळे वारा वळत असेल तर माझं ऐकू नका. काठीला जुन्या फडक्याची पट्टी बांधून आठवडाभर दुपारी ती कुठं फडफडते ते बघा.

गंजीचं ठिकाण ही यातली सगळ्यांत मोठी गोष्ट, आणि त्यातच आपण सगळ्यांत जास्त आळस करतो. वैरण टाकायला सोपी म्हणून गंज गोठ्याला चिकटून रचतात. मालदांडी ज्वारीच्या कडब्याचा भाव काय असतो हे मंगळवेढ्याकडच्या माणसाला सांगायला नको. वर्षाची बेगमी एकाच ठिकाणी, तीही चुलीच्या वाऱ्याखाली, ठेवणं म्हणजे जुगार आहे. गंज घरापासून आणि गोठ्यापासून वीस-पंचवीस पावलं लांब रचा. वरून वीजतार जात असेल तर ती जागा सोडूनच द्या. शक्य असेल तर एका मोठ्या गंजीऐवजी दोन लहान गंजी करा आणि मध्ये नांगरलेली जागा ठेवा. आठवड्याला लागतील तेवढ्या पेंढ्या गोठ्याजवळ आणून ठेवल्या तर पायपीटही फार होत नाही. बायका मात्र म्हणतील, पेंढ्या तुम्ही आणणार असाल तर लांब रचा. त्यांचं बरोबर आहे.

तारांकडे बघायचं तेही आत्ताच. झोळ पडलेल्या तारा मेच्या वाऱ्यात एकमेकींना घासतात, ठिणग्या पडतात आणि खाली वाळलेला ऊस किंवा गवत असेल तर पुढचं सांगायला नको. ताराखालची दोन-तीन मीटरची पट्टी मोकळी ठेवा, डीपीभोवतीचं (विजेच्या ट्रान्सफॉर्मरभोवतीचं) गवत काढा. तारा ताणून घेण्यासाठीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उद्या नुकसान झालंच तर पंचनाम्यासोबत तोच कागद कामाला येतो. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

पाचट आणि बांध: पेटवू नका, आणि त्याऐवजी काय

पाचट जाळल्यानं जमिनीचा कस जळतो हे सगळ्यांनी हजारदा ऐकलं आहे, तरी धूर निघतोच. कारण सरळ आहे, मजूर नाही आणि वेळ नाही. त्यातल्या त्यात सोपा मार्ग असा: खोडव्यात पाचट सरीतच ठेवायचं, शक्य तर कुट्टी करायची, आणि एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून पाणी द्यायचं. मात्र कोरडं पाचट सरीत पसरलेलं असेपर्यंत ते शेत म्हणजे पेटायला तयार सतरंजीच असते. म्हणून पसरल्यानंतरचं पहिलं पाणी लांबवू नका, आणि शेताच्या कडेच्या दोन-तीन सऱ्या पाचटाविना ठेवा.

ठिबक असेल तर आणखी एक. पाचटाला आग लागली की वितळून जायला पहिली नळी जाते. खोडवा मोडणार असाल तर लॅटरल आधी गुंडाळून शेडमध्ये ठेवा.

बांधाबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे: पेटवलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं. पहिल्या पावसानंतर जळालेल्या जागेवर हिरवं लवकर दिसतं, म्हणून तसं वाटतं. पण त्याच उघड्या बांधावर पहिला वळीव कोसळतो तेव्हा माती खाली वाहून जाते. माळावर तर नुकसान त्याहून मोठं. नान्नजच्या परिसरात १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य आहे. चंडोल, पखुर्डी, धाविक यांच्यासारखे पक्षी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला अंडी घालतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा तो काळ उन्हाळ्यातच येतो. पिल्लांना उडता येत नाही. राखीव आणि संरक्षित वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ आणि ३३ नुसार गुन्हा आहे. आपल्या बांधावर लावलेली आग वनाच्या हद्दीत शिरली, तर 'मी तिथं लावली नव्हती' म्हणून सुटता येईल या भरवशावर राहू नका.

रोजचं काम: लिंबाकडे बघणे

मोबाइलवर वाऱ्याचा वेग दिसतो, पण तो तुमच्या वस्तीचा नसतो. दारातला कडुनिंब जास्त खरं सांगतो. नुसती पानं सळसळत असतील तर वारा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर बारा ते एकोणीस. अंगणातली धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, बारीक फांद्या हलल्या की वीस ते अठ्ठावीस. अख्खं लहान झाड डोलायला लागलं की एकोणतीसच्या पुढे. मोठ्या फांद्या हलतायत आणि तारा घुमतायत, म्हणजे चाळीसच्या घरात.

वणव्याचा अभ्यास करणारे तीन तिसांचा एक ढोबळ नियम सांगतात: तापमान तीस अंशांच्या वर, आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर गेला की आग आटोक्यात ठेवणं अवघड. आपल्याकडे पहिले दोन तीस मार्चपासून रोज दुपारी भरलेलेच असतात. उरतो तिसरा. म्हणून माझा घरचा नियम त्याहून कडक आहे: धूळ उडायला लागली की उघड्यावरची प्रत्येक आग बंद. चूल, शेकोटी, वेल्डिंग, ग्राइंडर, गवत कापायचं यंत्र, सगळं.

वाऱ्याची दिवसाची चालही ठरलेली असते. सकाळी पडलेला, दहा-अकरापासून वाढता, दोन ते पाच सगळ्यांत जोरात, दिवस मावळला की बहुधा मंद. मळणी यंत्र चालवायचं असेल तर सकाळी चालवा, सायलेन्सरवर साठलेला भुसा दर थोड्या वेळानं थंड झाल्यावर झाडा, आणि पाण्याचं पिंप हाताशी ठेवा. मोटारसायकल वाळल्या गवतात उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरला गवताची काडी पुरते.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो जीव घेऊ शकतो: वळवाचं आभाळ. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमतात, वारा एकदम पडतो, उकडायला लागतं. लोकांना वाटतं, आता पाऊस येणार, आग आपोआप विझेल. पण पावसाच्या आधी ढगाखालून गार वाऱ्याचा लोट येतो आणि तो कुठल्याही दिशेनं येऊ शकतो. इतका वेळ पूर्वेकडे पळणारी आग तेव्हा दक्षिणेकडे वळते आणि तिची लांबलचक कूसच तोंड होऊन बसते. ढग जमलेले दिसले की आगीच्या बाजूला उभं राहणंसुद्धा सोडा.

पाणी, आणि कुणाकडे काय आहे याची यादी

शेतीची वीज पाळीनं येते, तेव्हा बोअरच्या भरवशावर आग विझवायची योजना आखू नका. विजेविना हाती येईल असं पाणी हवं: सिमेंटची टाकी, दोन-तीन पिंपं, जनावरांचा हौद. ते मार्च ते जून भरलेले ठेवा.

आपल्या जिल्ह्याकडे असलेली एक मोठी सोय मात्र फार कुणी ध्यानात घेत नाही. डाळिंब आणि द्राक्षवाल्यांकडे ट्रॅक्टरवर चालणारे फवारणीचे ब्लोअर असतात, पाचशे-सहाशे लिटरच्या टाकीचे. एचटीपी पंप (जास्त दाबाचे फवारणी पंप) आणि गन तर गावोगावी आहेत. आग लागल्यावर हीच आपली पहिली अग्निशामक गाडी. उन्हाळाभर टाकी धुऊन साध्या पाण्यानं भरून ठेवा, आणि वापरताना पंखा बंद ठेवून फक्त गन चालवा. पंख्याचा वारा आगीलाच मिळेल. सांगोल्याकडे एका वस्तीवर दोन ब्लोअर असतात, पण आग लागल्यावर चावी कुणाकडे हे शोधण्यात वेळ जातो. म्हणून गावाच्या ग्रुपवर फेब्रुवारीतच एक यादी टाका: ब्लोअर कुणाकडे, नांगर जोडलेला ट्रॅक्टर कुणाकडे, टँकर कुणाचा. अनेक साखर कारखान्यांकडे अग्निशामक गाडी असते, जवळच्या कारखान्याचा नंबरही त्यात घाला.

इतर नंबर: अग्निशमन १०१, आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, वन विभाग १९२६, वीज तक्रारीसाठी १९१२. फोनवर गट नंबर सांगून उपयोग नाही, चालकाला तो कळत नाही. लाइव्ह लोकेशन पाठवा आणि पाणंद जिथं डांबरी रस्त्याला मिळते तिथं एक पोरगा उभा करा.

उपग्रहाची सूचना येईल म्हणून वाट बघत बसू नका. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीच्या सूचना देते आणि त्या मोबाइलवर मिळवण्यासाठी नोंदणीही करता येते. सोय चांगली आहे. पण त्यातला एक मुख्य उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो, आपला वारा पेटतो त्यानंतर.

आग लागलीच तर

आधी माणसं आणि जनावरं. उन्हाळ्यात दाव्याला पळगाठच मारा, एका ओढीत सुटेल अशी. आगीच्या वेळी गाठी सोडत बसायला वेळ नसतो. जनावरं नांगरलेल्या रानाकडे हाकला. हिरवा ऊस आडोसा वाटतो, पण खालचं पाचट वाळलेलं असतं, तिकडे नको. गॅस सिलिंडर बाहेर काढता आला तर काढा, नाहीतर सोडून द्या.

मग आग बघा. वाऱ्याबरोबर धावतं ते तिचं तोंड, दोन्ही अंगांना कुशी, मागे पाठ. तोंडासमोर कधीही उभं राहायचं नाही. पाठीकडून, जळून काळ्या झालेल्या बाजूनं शिरायचं आणि दोन्ही कुशी झोडपत झोडपत तोंडाकडे सरकायचं. काळी जागा हीच पळायची जागा, ती पाठीशी असली पाहिजे. गुडघ्याएवढ्या ज्वाळेपर्यंत लिंबाचा ओला फाटा किंवा भिजवलेलं गोणपाट चालतं. आपटून उचलू नका, ठिणग्या उडतात. दाबा आणि ओढा. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की हातानं विझवायचा नाद सोडा आणि पुढे नांगर लावून पट्टा काढा. तोही आगीच्या अगदी पुढ्यात नको, काम पुरं करून बाहेर पडता येईल एवढ्या अंतरावर. समोरून आग लावून आग मारायची युक्ती वन विभागाची शिकलेली माणसं करतात. आपण करायची नाही.

अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. पॉलिएस्टरचा ट्रॅकसूट किंवा नायलॉनची साडी कातडीला चिकटते. नाकातोंडावर सोलापुरी टॉवेल बांधा, पण कोरडा. ओल्या फडक्यातून गरम वाफ आत जाते आणि घसा भाजतो. तारांखालच्या आगीवर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका.

आणि ऊन विसरू नका. आगीजवळ चाळीस अंशांत झोडपणारा माणूस पंधरा मिनिटांत गळतो. दोन तुकड्या करा, दहा-दहा मिनिटांनी आलटापालट. मागे सावलीत मीठ-साखरेचं पाणी ठेवा. एखादा असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर तो दमलेला नाही, त्याला उष्माघात होतोय. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

विझल्यानंतर

शेजाऱ्याची गंज गेली ती माझ्या इथल्याच चुकीनं, विझल्यानंतर. ज्वाळा दिसत नाहीत म्हणून घरी जायचं नाही. जळालेल्या जागेच्या कडेनं दोन-तीन मीटर आतपर्यंत फिरा. शेणाचे पो, गोवऱ्या, बाभळीची खोडं, कुजकी मुळं हे सगळं उलटून बघा. हाताची पाठ जवळ नेऊन धग लागते का ते तपासा, लागली तर फोडून पाणी आणि माती मिसळा. दुपारी काळ्या जमिनीवर वावटळी उठतात, त्या विस्तव उचलून पट्ट्यापलीकडे टाकतात. म्हणून पुढचे दोन दिवस, दोन ते पाच या वेळेत, एक माणूस घागर घेऊन तिथं बसलाच पाहिजे.

नुकसान झालं असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. तारेमुळे आग लागली असेल तर तुटलेली तार, जळालेला इन्सुलेटर जागेवर असतानाच फोटोत यायला हवा. मेलेल्या किंवा भाजलेल्या जनावरांसाठी पशुवैद्यकाचा दाखला त्याच दिवशी घ्या.

जळालेल्या माळावर पहिल्या पावसानंतर कोवळं हिरवं दिसेल आणि जनावरं तिकडे ओढ घेतील. निदान पहिले दीड-दोन महिने त्यांना तिथं सोडू नका. मुळांना धरू द्या.